वाक्यांची जगे: मोडल तर्कशास्त्रातील पूर्णतेवर ओळवार भाष्य

मूळ

१. चौकट म्हणजे जगांचा एक रिकामा नसलेला संच आणि त्या जगांमधला 'दिसणे' हा संबंध.
२. ज या जगात □प खरे असते, जर आणि तरच ज मधून दिसणाऱ्या प्रत्येक जगात प खरे असते.
३. ◇प म्हणजे ¬□¬प.
४. गृहीतक: □(प→फ)→(□प→□फ). नियम: प सिद्ध झाले की □प सिद्ध होते.
५. जे सिद्ध होते, ते प्रत्येक चौकटीत युक्त असते.
६. कोणताही सुसंगत संच महत्तम सुसंगत संचापर्यंत वाढवता येतो.
७. असे सगळे महत्तम सुसंगत संच हीच जगे. ग मध्ये □प असलेल्या प्रत्येक प साठी घ मध्ये प असेल, तर ग ला घ दिसते.
८. ग मध्ये ◇प असेल, तर ग ला दिसणारे आणि प असलेले एखादे घ असतेच.
९. म्हणून जे प्रत्येक चौकटीत युक्त, ते सिद्ध होते.
१०. गृहीतके वाढवली की चौकटींवर अटी येतात. पूर्णता मात्र दरवेळी येत नाही.

भाष्य

मोडल तर्कशास्त्राचे मध्यवर्ती प्रमेय या दहा ओळींत आहे आणि त्याची हद्दही आहे. ओळींची शब्दरचना माझी. त्यांतले गणित मुख्यतः १९५० नंतरच्या तीन दशकांत घडले. □ हे चिन्ह 'आवश्यकपणे' असे वाचावे, ◇ हे 'शक्य आहे की' असे. प, फ ही विधाने. ज, ग, घ, च ही जगे.

आधी अडचण काय होती ते पाहू. क्लॅरन्स अर्व्हिंग लुइस यांनी १९१८ च्या ग्रंथात, आणि पुढे १९३२ मध्ये कूपर लँगफर्ड यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात, 'आवश्यक' आणि 'शक्य' यांचे तर्कशास्त्र गृहीतकांतून उभे केले. १९३२ च्या ग्रंथात तर एस१ ते एस५ अशा पाच प्रणाली शेजारीशेजारी मांडलेल्या दिसतात. त्यांतली खरी कोणती? जे आवश्यक आहे ते आवश्यकपणेच आवश्यक असते का? ज्याला जे पटेल त्याने ते धरावे, अशी स्थिती. गृहीतके हाताशी होती, पण ती कशाबद्दल बोलतात हे ठरवणारी सर्वमान्य कसोटी नव्हती. त्यामुळे एखादी प्रणाली भलतेच काही सिद्ध करते आहे की सिद्ध व्हायला हवे ते तिच्यातून निसटते आहे, हा प्रश्न नीट विचारताच येत नव्हता. तो विचारायचा तर 'सत्य' काय हे 'सिद्ध' काय यापासून स्वतंत्रपणे सांगावे लागते. पहिल्या तीन ओळी तेवढेच करतात.

ओळ १. या ओळीत काय नाही ते आधी पाहावे. जगे कशाची बनलेली, किती, कुठे, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही. ती काळातले क्षण असतील, संगणकाच्या प्रोग्रॅमच्या अवस्था असतील, नुसते आकडे असतील, चालते. 'दिसणे' या संबंधावरही अट नाही. ज ला घ दिसते म्हणून घ ला ज दिसेलच असे नाही. ज ला स्वतः ज दिसेल याचीही हमी नाही.

'आवश्यक म्हणजे सर्व शक्य जगांत खरे' ही कल्पना लायब्निझच्या नावाने ओळखली जाते आणि जुनी आहे. १९४० च्या दशकात रुडॉल्फ कार्नॅप यांनी तिला अवस्था-वर्णनांचे रूप दिले. पण तिथे सगळी जगे एका पातळीवर असतात. त्यातून मिळते फक्त एस५. सॉल क्रिप्के यांचा १९५९ चा 'जर्नल ऑफ सिंबॉलिक लॉजिक'मधला पहिला लेखही एस५ बद्दलच होता, आणि त्यात 'दिसणे' हा संबंध नाही. लेख छापून आला तेव्हा त्यांचे वय १८ होते. संबंध आला तो १९६३ च्या लेखात, आणि तो येताच लुइस यांच्या वारशातल्या कितीतरी प्रणाली एकाच भाषेत बोलू लागल्या. त्या सुमारास स्टिग कांगर, याक्को हिंटिक्का, आर्थर प्रायर हेही याच दिशेने चालले होते. मला सगळ्यात थक्क करते ते बियार्नी योनसन आणि आल्फ्रेड टार्स्की यांचे १९५१ चे काम. बूलीय बीजगणितात ज्यादा क्रिया घातल्या, तर अशी प्रत्येक बीजगणिती रचना संबंध असलेल्या एखाद्या संचावर उतरवता येते, असे त्यांनी सिद्ध केले. पूर्णतेचा मोठा भाग त्यात आलेलाच होता. मोडल तर्कशास्त्राचा उल्लेख मात्र नव्हता.

ओळ २. या ओळीतला 'प्रत्येक' हा शब्द जपून वाचावा. एखाद्या जगातून एकही जग दिसत नसेल तर? तर तिथे □प खरे आहे, मग प काहीही असो. प आणि ¬प एकत्र आणणारा व्याघात असला तरी. आणि तिथे ◇प कधीच खरे नाही. विद्यार्थी इथे हमखास अडतात, कारण 'आवश्यक' या शब्दाला चिकटलेला रोजचा अर्थ सोडवत नाही. पण व्याख्या म्हणते तेवढेच धरायचे. जे दिसतच नाही त्याच्याबद्दल तक्रार करायला कोणी नाही, एवढाच त्याचा आशय. □प→प हे सूत्र सर्वत्र का टिकत नाही, तेही इथेच उमगते: ज ला ज दिसत नसेल, तर दिसणाऱ्या जगांतल्या सत्याचा ज मधल्या सत्याशी संबंध काय?

आणखी एक भेद इथेच पक्का करून ठेवला पाहिजे, कारण दहाव्या ओळीचा सगळा भार त्याच्यावर आहे. चौकट म्हणजे नुसती जगे आणि दिसणे. तिच्यावर कोणते मूळ विधान कोणत्या जगात खरे याची नोंद केली की प्रतिमान होते. एकाच चौकटीवर अनेक नोंदी करता येतात. एखादे सूत्र चौकटीत 'युक्त' आहे असे म्हणायचे, तर ते प्रत्येक नोंदीखाली, प्रत्येक जगात खरे ठरायला हवे. म्हणजे प च्या जागी जगांचा कोणताही उपसंच घेण्याची मुभा चौकट देते. कोणताही! ही मुभा किती मोठी आहे हे शेवटी कळेल.

ओळ ३. शक्य म्हणजे ज्याचा अभाव आवश्यक नाही ते. दुसरी ओळ लावून पाहिली की ◇प चा अर्थ 'दिसणाऱ्या एखाद्या तरी जगात प खरे' असा निघतो. अधिक सांगण्यासारखे इथे नाही.

ओळ ४. सिद्धतेची बाजू इथून सुरू होते. नेहमीच्या विधान-तर्कशास्त्रातली सर्वतःसत्य सूत्रे आणि 'प, आणि प→फ, म्हणून फ' हा नियम धरलेलाच आहे. त्यात एक गृहीतक आणि एक नियम एवढीच भर. या किमान प्रणालीला क्रिप्के यांच्या आडनावावरून 'के' म्हणतात.

शंका: 'प सिद्ध झाले की □प सिद्ध' हे मान्य करणे म्हणजे प→□प मान्य करणेच नव्हे काय? तसे नाही. प→□प म्हणजे एखाद्या जगात प खरे असले की तिथून दिसणाऱ्या सगळ्या जगांत ते खरे. आज पाऊस पडतो आहे यावरून पाऊस आवश्यक ठरेल, आणि मग आवश्यक-शक्य हा भेदच विरघळेल. नियम एवढेच म्हणतो की जे निव्वळ तर्काने, कोणत्याही माहितीवाचून सिद्ध झाले, ते प्रत्येक जगात खरे असणार. कुर्ट ग्योडेल यांनी १९३३ च्या एका छोट्या टिपणात एस४ ची मांडणी अशी स्वतंत्र नियम घेऊन केली. लुइस यांच्या मांडणीपेक्षा ती इतकी सुटसुटीत होती की पुढे सगळ्यांनी तीच वाट धरली.

ओळ ५. गृहीतक प्रत्येक चौकटीत युक्त आहे, आणि दोन्ही नियम युक्ततेला धक्का लावत नाहीत. दुसऱ्या ओळीची व्याख्या दोनदा वापरली की काम झाले. याला निर्दोषता म्हणावे. खरे कष्ट उलट दिशेने आहेत.

ओळ ६. सुसंगत संच म्हणजे ज्यातून व्याघात सिद्ध होत नाही तो. महत्तम म्हणजे त्यात आणखी एकही नवे सूत्र घातले तर तो विसंगत होतो. अशा संचात प्रत्येक सूत्राबद्दल निर्णय झालेला असतो: प तरी आत, नाहीतर ¬प आत.

वाढवायचे कसे? भाषेतली सगळी सूत्रे एका रांगेत लावता येतात. रांगेतले एकेक सूत्र घ्यायचे; ते घातल्यावर संच सुसंगत राहत असेल तर घालायचे, नाहीतर सोडायचे. रांग संपल्यावर जे जमले तो महत्तम संच. तो सुसंगत कसा? कोणतीही सिद्धता सांत असते. व्याघाताची सिद्धता असती, तर तिला लागणारी सूत्रे एखाद्या सांत टप्प्यावरच आत आलेली असती, आणि त्या टप्प्यावर तर आपण तपासूनच पुढे गेलो. हे उपप्रमेय आडॉल्फ लिंडेनबाउम यांच्या नावाने चालते. वॉर्सा इथल्या तर्कशास्त्रज्ञांच्या त्या तेजस्वी पिढीतले ते एक. टार्स्की यांनी १९३० मध्ये त्यांचे नाव देऊन ते छापले. १९४१ मध्ये नात्सींनी लिंडेनबाउम यांना ठार मारले. जगभरच्या तर्कशास्त्राच्या वर्गांत रोज वापरले जाणारे हे वाक्य कोणाचे, हे वर्गात सांगितले जावे असे मला मनापासून वाटते.

ओळ ७. सिद्धतेची सगळी कल्पकता या ओळीत आहे. जगे हवी होती. ती वाक्यांतूनच घडवली. प्रत्येक महत्तम सुसंगत संच हे एक जग, आणि त्या जगात कोणते मूळ विधान खरे? जे त्या संचात आहे ते. या प्रतिमानाला प्रमाण प्रतिमान म्हणू. लिओन हेन्किन यांनी १९४९ मध्ये पहिल्या स्तराच्या तर्कशास्त्राची पूर्णता वाक्यांतून वस्तू घडवून सिद्ध केली होती; तीच युक्ती इथे जगांवर चालवली आहे. क्रिप्के यांच्या स्वतःच्या सिद्धता तक्त्यांच्या पद्धतीने होत्या. प्रमाण प्रतिमानाची वाट डेव्हिड मॅकिन्सन यांच्या १९६६ च्या आणि मॅक्स क्रेसवेल यांच्या १९६७ च्या लेखांत, तसेच जॉन लेमन आणि डॅना स्कॉट यांच्या त्याच सुमाराच्या टिपणांत दिसते.

शंका: ही जगे खरी कशी मानायची? विलर्ड क्वाइन आयुष्यभर मोडल तर्कशास्त्राकडे संशयाने पाहत राहिले. 'शक्य जग' या गोष्टीला त्यांच्या लेखी ठोस आधारच नव्हता. या शंकेला पूर्णतेचे प्रमेय एका अंगाने उत्तर देते. वाक्यांचे संच आणि त्यांच्यामधला एक संबंध यापलीकडे ही सिद्धता काहीच मागत नाही. ज्याला 'शक्य जगे' म्हणताना संकोच वाटतो, त्यानेही संच मानलेले असतात, आणि त्याला हे प्रमेय नाकारता येत नाही. दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी: या प्रमेयाच्या जोरावर 'शक्य जगे खरोखर आहेत' असेही कोणाला म्हणता येणार नाही. गणिताने दिलेली सवलत तत्त्वज्ञानाने आपल्या नावावर जमा करू नये.

जाता जाता एक लक्षात घ्यावे. सूत्रांची रांग मोजता येते, पण मूळ विधाने अनंत असतील तर त्या सूत्रांतून घडलेली जगे मोजता येत नाहीत. वास्तव संख्यांइतकी ती आहेत. छोट्याशा प्रणालीचे प्रमाण प्रतिमान एवढे प्रचंड असते.

ओळ ८. सिद्धता टिकते ती या ओळीवर. ग मध्ये 'शक्य आहे की प' असे लिहिलेले आहे. पण लिहिलेले असणे वेगळे आणि ती शक्यता प्रत्यक्ष घडवून दाखवणारे जग ग समोर असणे वेगळे. ते जग आपण मुद्दाम बनवलेले नाही. जगे सगळी आधीच ठरून गेली आहेत. त्यांतच ते सापडले पाहिजे.

पायरीपायरीने पाहू. ग मध्ये □फ असलेली सगळी फ गोळा करा आणि त्यांत प घाला. या जमवलेल्या संचाला 'स' म्हणू. स सुसंगत असेल, तर सहाव्या ओळीने तो महत्तम संच घ पर्यंत वाढवू. घ मध्ये प आहे, आणि सातव्या ओळीच्या व्याख्येने ग ला घ दिसतेही. म्हणजे स सुसंगत आहे एवढेच दाखवायचे.

नसेल असे धरा. मग सिद्धता सांत असल्यामुळे मोजकीच फ१, फ२, … फन अशी निघतील की फ१∧फ२∧…∧फन → ¬प हे सिद्ध होते. आता चौथ्या ओळीचा नियम लावा: या संपूर्ण सूत्रापुढे □ लागला. मग चौथ्या ओळीचे गृहीतक लावा: □ आत वाटला गेला, आणि □फ१∧□फ२∧…∧□फन → □¬प हे सिद्ध झाले. ही सगळी □फ ग मध्ये आहेतच. म्हणून □¬प ग मध्ये. पण ◇प म्हणजे ¬□¬प, आणि तेही ग मध्ये. ग विसंगत! ते तर सुसंगत निवडले होते. म्हणून स सुसंगतच.

चौथ्या ओळीतला नियम आणि गृहीतक या पायरीत एका पाठोपाठ एक वापरले गेले, आणि त्यांच्यावाचून पायरी पडली असती. चौथी ओळ तशी का आहे, तिच्यात याहून कमी का नाही, हे इथे कळते. एरवी ती कोणीतरी बसवलेली मान्यता वाटते. सिद्धता वाचल्यावर ती गरज वाटू लागते.

ओळ ९. आठव्या ओळीच्या आधारे सूत्राच्या लांबीवर विगमन केले की प्रत्येक सूत्राबद्दल 'त्या जगात खरे' आणि 'त्या संचात आहे' ही दोन एकच ठरतात. आता एखादे सूत्र सिद्ध होत नाही असे समजा. मग त्याचा निषेध एकटा सुसंगत आहे; तो एका महत्तम संचात बसतो; त्या जगात मूळ सूत्र खोटे. जे सिद्ध होत नाही ते कुठेतरी खोटे पडते, म्हणजेच जे कुठेच खोटे पडत नाही ते सिद्ध होते. 'के'ची पूर्णता झाली.

ओळ १०. या ओळीवर जास्त थांबणार आहे, कारण पाठ्यपुस्तके बहुधा तिच्या पहिल्या अर्ध्यावर थांबतात.

पहिला अर्धा भाग सुखाचा आहे. □प→प हे गृहीतक घातले की प्रत्येक जगाला स्वतः दिसायला हवे. प→□◇प घातले की दिसणे परस्पर व्हायला हवे. □प→□□प घातले की ग ला घ आणि घ ला च दिसत असेल तर ग ला च दिसायला हवे. याला संक्रमण म्हणू. आणि प्रमाण प्रतिमान या अटी आपसूक पाळते. संक्रमणाचेच पाहा: □प ग मध्ये असेल तर नव्या गृहीतकाने □□प ग मध्ये, म्हणून □प घ मध्ये, म्हणून प च मध्ये, ग ला च दिसले. पहिले आणि तिसरे गृहीतक मिळून एस४, त्यात दुसरे घातले की एस५. हेन्रिक साल्क्विस्ट या नॉर्वेच्या तर्कशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये अशा सूत्रांचा एक मोठा वर्ग नुसत्या घडणीवरून ओळखून दाखवला. त्या वर्गातले कोणतेही गृहीतक घाला, पूर्णता मिळणार.

मग वाटते, हे नेहमीच असे होत असेल. होत नाही. पहिला धक्का सौम्य आहे. मार्टिन ल्योब यांनी हेन्किन यांच्या एका प्रश्नाला १९५५ मध्ये दिलेल्या उत्तरातून □(□प→प)→□प हे सूत्र आले. इथे □ चा अर्थ 'अंकगणितात सिद्ध करता येते'. हे सूत्र ज्या चौकटींत युक्त असते त्या संक्रमण पाळतात आणि त्यांत न संपणारी पुढे पुढे दिसत जाणारी साखळी नसते. म्हणून स्वतःला दिसणारे जगही नसते. पण या प्रणालीच्या प्रमाण प्रतिमानात स्वतःला दिसणारी जगे निघतात. कारण □प→प या आकाराची कितीही, पण सांत, सूत्रे घ्या. लांब साखळीत यातले प्रत्येक फार तर एकाच जगात खोटे पडते. साखळी सूत्रांच्या संख्येहून एकाने लांब ठेवली की सगळी एकत्र खरी असणारे जग उरतेच. म्हणून अशी सगळी सूत्रे मिळूनही सुसंगत, आणि ती सामावणारा महत्तम संच स्वतःला दिसतो. प्रमाण प्रतिमान इथे उपयोगाचे नाही. तरी पूर्णता शाबूत आहे: क्रिस्टर सेगरबर्ग यांच्या १९७१ च्या प्रबंधात सांत चौकटींच्या मार्गाने ती मिळते. १९७६ मध्ये रॉबर्ट सोलोवे यांनी दाखवले की अंकगणित स्वतःच्या सिद्धतांबद्दल जे नेहमी सिद्ध करू शकते ते नेमके याच प्रणालीत पकडले जाते.

दुसरा धक्का खरा. १९७४ मध्ये एस. के. थॉमसन आणि किट फाइन यांनी स्वतंत्रपणे अशा प्रणाली दाखवल्या की ज्यांना कोणत्याही चौकटींचा वर्ग बरोबर बसत नाही. त्यांची सूत्रे किचकट आहेत. ल्योब यांच्या सूत्रात एक बाण दुहेरी केला की बरेच साधे उदाहरण मिळते:

□(□प↔प)→□प

जॉर्ज बूलोस आणि जोव्हानी सांबिन यांनी १९८५ मध्ये याच सूत्रावर लेख लिहिला. चौकटींच्या बाजूने ते ल्योब यांच्या सूत्राइतकेच मागते, संक्रमणासकट. कसे? सूत्र युक्त असलेल्या एका चौकटीत ग ला घ आणि घ ला च दिसते, पण ग ला च दिसत नाही असे धरा. प कुठे खोटे ठेवायचे ते आपण निवडू: च मध्ये, आणि ग ला दिसणाऱ्या ज्या ज्या जगांतून, ग ला दिसणाऱ्याच जगांच्या वाटेने, च पर्यंत पोचता येते त्या सगळ्यांत. बाकी सर्वत्र प खरे. आता ग ला दिसणाऱ्या कोणत्याही जगात प खोटे असते, जर आणि तरच तिथून प खोटे असलेले जग दिसते. म्हणजे ग मध्ये □(□प↔प) खरे, म्हणून सूत्राने □प खरे. पण घ मध्ये प खोटे आहे. विसंगती. संक्रमण सिद्ध झाले.

म्हणजे ज्या चौकटींत हे सूत्र युक्त, त्या सगळ्यांत □प→□□प हेही युक्त. पूर्णता असती, तर या सूत्रातून □प→□□प सिद्ध व्हायला हवे होते. होत नाही. कारण पुढची रचना पाहा.

जगे दोन प्रकारची: साधी ०, १, २, … आणि तारांकित ०*, १*, २*, …. साध्या जगाला त्याहून लहान साधी जगेच दिसतात. तारांकित न* ला सगळी साधी जगे दिसतात आणि तारांकितांपैकी (न−१)* पासून पुढची सगळी. ०* ला सगळीच तारांकित दिसतात. आणि एक बंधन: प ज्या जगांत खरे, त्यांचा संच सांत असावा, नाहीतर त्याच्या बाहेर राहिलेला संच सांत असावा. ¬, → आणि □ लावून बनणारी सूत्रेही हे बंधन मोडत नाहीत, हे तपासून पाहता येते.

प फक्त ०* मध्ये खोटे ठेवा. २* ला ०* दिसत नाही, म्हणून तिथे □प खरे. पण २* ला १* दिसते आणि १* ला ०* दिसते, म्हणून २* मध्ये □□प खोटे. □प→□□प पडले. आपले सूत्र मात्र टिकते. साध्या जगांत ते टिकते, कारण तिथून खाली सांत जगेच उरतात. न* मध्ये □(□प↔प) खरे आहे असे धरा. ० ला काहीच दिसत नाही, म्हणून तिथे □प, म्हणून प. मग १ मध्ये, मग २ मध्ये, असे सगळ्या साध्या जगांत प खरे. प खरे असलेली जगे अनंत झाली. बंधनाने प फक्त सांत जगांत खोटे असू शकते. न* ला दिसणाऱ्या तारांकितांपैकी प खोटे असलेले सर्वांत मोठे म* घ्या. (म+१)* ला म* दिसते, म्हणून तिथे □प खोटे, म्हणून प खोटे. पण म* सर्वांत मोठे होते. विसंगती, म्हणून □प खरे.

आता दोन्ही युक्तिवाद समोरासमोर ठेवा. संक्रमण सिद्ध करताना प खोटे ठेवायला जो संच निवडला, तो या रचनेत २*, १*, ०* यांच्यासाठी काढला तर कोणता येतो? सगळी तारांकित जगे. हा संच सांत नाही आणि त्याच्या बाहेरची साधी जगेही सांत नाहीत. बंधनाने नेमका तोच संच नाकारला! दुसऱ्या ओळीवर लिहिताना म्हटले होते की प च्या जागी कोणताही उपसंच घेण्याची मुभा चौकट देते. सूत्राने संक्रमण मागितले ते या मुभेच्या बळावर. सिद्धतेजवळ ती मुभा नाही. तिला भाषेत लिहिता येतील तेवढेच संच माहीत असतात.

यावरून अपूर्णतेचा दोष कोणाचा तेही ठरवता येते. काही लेखक अशा प्रणालींना विकृत समजून बाजूला सारतात. ते मला पटत नाही. हे सूत्र साधे आहे, त्याची प्रणाली सुसंगत आहे, आणि बंधन घातलेल्या रचनांत तिचा अर्थ नीट लागतो. थॉमसन यांनी १९७२ मध्ये अशा बंधनासह येणाऱ्या चौकटी मांडल्या. त्यांच्यापुढे प्रत्येक मोडल प्रणाली पूर्ण ठरते. योनसन आणि टार्स्की यांचे बीजगणितही हेच सांगते. कमी पडते ती बंधनमुक्त चौकट: ती सिद्धतेला पेलवेल त्यापेक्षा अधिक सत्य मानते. शिवाय अशी प्रणाली हा दुर्मीळ अपवाद नाही. व्हिम ब्लोक यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की अपवादाचे काही वर्ग सोडले, तर कोणत्याही प्रणालीशी अगदी त्याच चौकटी वाटून घेणाऱ्या अगणित प्रणाली असतात. आणि एकाच चौकट-वर्गाची पूर्ण प्रणाली एकच असू शकते. बाकीच्या सगळ्या अपूर्ण.

म्हणून तर्कशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: आठव्या ओळीची सिद्धता फळ्यावर लिहिलीत की त्याच आठवड्यात दुहेरी बाणाचे हे सूत्र आणि तारांकित जगेही लिहा. दोन्ही मिळून दोन तासांहून अधिक लागत नाहीत, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला समजणार नाही असे त्यांत काही नाही.